कोरड्या पायांसाठी स्वस्तातला फूट मास्क: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की एखाद्या रात्री पांघरुणात पाय ओढून घेताना टाच चादरीला अडकते. भेगेची कड सुती धाग्यात गुंतते आणि चर्र असा बारीक आवाज होतो. तो आवाज ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी अकोल्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते, दिवसातले पाच-सहा तास फरशीवर उभी असते. आमच्याकडची थंडी कोरडी, घरात बोअरचं जड पाणी आणि पायांत बाराही महिने मागून उघडी चप्पल. टाचा फुटायला आणखी काही लागत नाही.

तीन हिवाळे झाले, मी शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणारा ओलावा देणारा फूट मास्क वापरते आहे. प्लास्टिकचे मोज्यासारखे दोन पाउच असतात, आतून पातळ कापडाचं अस्तर आणि त्यात मुरलेलं सिरम. पाय आत घालायचे आणि वीस मिनिटं बसायचं. इतकं सोपं असूनही पहिल्यांदा घेताना माझी चूक झाली होती, आणि शाळेतल्या दोघीतिघींनी पुढे तीच चूक केली. म्हणून अगदी पाकीट निवडण्यापासून सांगते.

त्याआधी एक गोष्ट. एका मास्कनं टाच मऊ होते ती दोन-तीन दिवसांपुरती. तळव्याची त्वचा खरोखर सुधारायला आठवडे लागतात. कडक झालेल्या त्वचेला एकदा भरपूर पाणी पाजायचं आणि मग रोज रात्री पाच मिनिटं देऊन ते टिकवायचं, एवढाच मास्कचा उपयोग. ती पाच मिनिटं देण्याची तयारी असेल तर मास्कचे पैसे वसूल होतात. तयारी नसेल तर मास्क घेऊ नका, त्याच पैशांत पायाचं क्रीम घ्या.

तळवाच इतका कोरडा का पडतो

चेहऱ्याला आणि डोक्याला तेलकटपणा येतो तो त्वचेतल्या तैलग्रंथींमुळे. तळपायाला त्या नसतातच. घामाच्या ग्रंथी मात्र शरीरात सगळ्यात दाट असतात त्या तळहातांवर आणि तळपायांवर. म्हणजे तळव्याला पाणी मिळतं, पण ते धरून ठेवणारा तेलाचा थर त्याला घरातून मिळत नाही, तो बाहेरून द्यावा लागतो. शिवाय तिथली त्वचा जाड. पापणीवरचा त्वचेचा वरचा थर साधारण ०.०५ मिलिमीटर असतो, तळव्यावरचा १.५ मिलिमीटरच्या आसपास. चेहऱ्याचं लोशन पायाला चोपडून काही फरक पडत नाही, याचं हे एक कारण.

आणि भेगा टाचेच्या कडेलाच का पडतात? उभं राहिलं की टाचेखालची चरबीची गादी वजनानं बाजूंना पसरते. वरची त्वचा ओली आणि लवचीक असेल तर तीही ताणली जाते. ती वाळून कडक झालेली असेल तर फाटते. मागून बंद असलेली चप्पल किंवा बूट घातला की ही गादी फार पसरत नाही. माझ्या टाचांना सगळ्यात मोठा फरक पडला तो मागे पट्टा असलेली सँडल शाळेत घालायला लागल्यापासून. मास्कच्या लेखात चपलेची गोष्ट कशाला, असं वाटेल, पण उघड्या चपलेत दिवसभर उभं राहायचं आणि रात्री मास्क लावायचा म्हणजे गळक्या माठात पाणी भरण्यासारखं आहे.

दुकानात: एकाच नावाचे दोन वेगळे मास्क

माझी चूक इथेच झाली. ‘फूट मास्क’ या नावाखाली दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि दोन्हींची पाकिटं सारखीच दिसतात: गुलाबी किंवा फिकट हिरवा रंग आणि त्यावर गुळगुळीत टाचेचं चित्र.

पहिला ओलावा देणारा. त्यात ग्लिसरीन, युरिया, शिया बटर, पँथेनॉल असे घटक असतात. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा आणि काढल्यावर राहिलेलं सिरम पायात जिरवायचं. पाय धुवायचे नाहीत.

दुसरा साल काढणारा, म्हणजे पीलिंग किंवा एक्सफोलिएटिंग मास्क. त्यात लॅक्टिक ॲसिड, ग्लायकोलिक ॲसिड, सॅलिसिलिक ॲसिड अशी आम्लं असतात. तो जास्त वेळ, बऱ्याचदा तासभर ठेवायचा असतो आणि नंतर पाय धुवावे लागतात. लगेच काहीच दिसत नाही. चार-पाच दिवसांनी तळव्याची मेलेली कातडी सुटायला लागते आणि पुढे आठवडाभर, कधी त्याहून जास्त, पोपडे निघत राहतात.

मी पहिल्यांदा आणला तो हा दुसरा होता. दिराच्या लग्नाला सहा दिवस होते, पाय जरा बरे दिसावेत म्हणून लावला. पाचव्या दिवशी तळव्याची साल कागदासारखी सुटायला लागली. मांडवात सगळे अनवाणी, हळदीला अनवाणी, देवकाला अनवाणी, आणि माझ्या पायांखाली सतरंजीवर पापुद्रे पडत होते. पायांवर काढलेली मेंदीही त्या सालीबरोबर गेली, कारण मेंदीचा रंग त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातच असतो. दोन दिवस मी मोजे घालून वावरले. मास्कमध्ये दोष काहीच नव्हता, त्यानं त्याचं काम केलं. मी पाकीट वाचलं नव्हतं.

म्हणून पाकीट उलटं करून तीन गोष्टी बघा. पुढच्या बाजूला ‘पील’, ‘पीलिंग’ किंवा ‘एक्सफोलिएटिंग’ असा शब्द आहे का? किती वेळ ठेवायला सांगितलंय? नंतर धुवायला सांगितलंय का? तासभर ठेवा आणि धुवा असं असेल तर तो साल काढणाराच. पहिल्यांदा लावणाऱ्यानं तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याच्या भेगा उघड्या आहेत, ज्याला मधुमेह आहे किंवा जी गरोदर आहे, तिनं किंवा त्यानं तर नाहीच.

आता घटकांची यादी. ही यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते: जे सगळ्यात जास्त ते आधी. पहिलं नाव पाण्याचं असणार. त्यानंतरच्या चार-पाच नावांत ग्लिसरीन असायला हवं, आणि युरिया असेल तर उत्तम. यादीच्या पार शेवटी, सुगंधाच्याही नंतर ‘शिया बटर’ लिहिलेलं असेल तर ते नावापुरतंच घातलेलं आहे असं समजा, समोर चित्र कितीही मोठं असलं तरी. युरिया या शब्दाला घाबरू नका. खताच्या गोणीवरचं नाव तेच असलं तरी आपल्या त्वचेत युरिया मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवण्याचं काम तो करतो. ५ ते १० टक्के युरिया ओलावा देतो. २० टक्क्यांच्या पुढे तो जाड त्वचा सैल करायला लागतो, आणि ४० टक्क्यांचं मलम वापरायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

सुगंध जितका कमी तितकं बरं. मेंथॉल किंवा पेपरमिंट असलेला मास्क थंडगार वाटतो, पण भेगा असतील तर झोंबतो. शेवटी वापरण्याची अंतिम तारीख, किंमत, उत्पादकाचा परवाना क्रमांक, आणि परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता पाहा. रस्त्याकडेच्या ढिगातून नुसत्या परकी अक्षरांचं पाकीट उचलू नका. आणि मोज्याचं माप बघा: बरेच मास्क एकाच मापात येतात, नऊ-दहा नंबरची चप्पल घालणाऱ्या पुरुषांना ते टाचेशी तोकडे पडतात. आमच्या घरी हे लावून बघितल्यावर कळलं.

कुणी आधी थांबायचं

माझ्या आईला चौदा वर्षं मधुमेह आहे. मला बघून तिलाही मास्क लावावासा वाटला, तेव्हा मी आधी तिच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तिच्या तळव्याला ठिकठिकाणी एका बारीक तंतूनं स्पर्श केला आणि ‘कळतंय का?’ विचारलं. दोन ठिकाणी तिला कळलं नाही. ती इतकी वर्षं त्याच पायांनी चालत होती, आणि आम्हा कुणाला याची कल्पना नव्हती. ते पाहून माझ्या पोटात खड्डा पडला.

मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते. मग पाणी कढत आहे हे कळत नाही, घासताना सोललं तरी कळत नाही, मास्क झोंबतोय हेही कळत नाही, आणि छोटी जखम भरायला वेळ लागतो. आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणजे हे वाचणाऱ्या अनेक घरांत कुणीतरी असणार. त्यांनी पाय पाण्यात भिजवत बसू नये, वजरीनं घासू नये, साल काढणारा मास्क लावू नये, आणि साधा मास्कही डॉक्टरांना विचारूनच लावावा. आईला डॉक्टरांनी रोज रात्री साधं, बिनवासाचं युरियाचं क्रीम सांगितलं: तळव्याला आणि टाचेला लावायचं, बोटांच्या बेचक्यात अजिबात नाही. मी ते स्वतः लावून देते, त्यामुळे तिचे पायही रोज नजरेखालून जातात.

आणखी काही जणांनी थांबावं. भेगेतून रक्त येत असेल, पू किंवा सूज असेल, तर आधी ती जखम भरू द्या. पावसाळ्यात बोटांच्या मध्ये पांढरी, ओली, खाजणारी कातडी झाली असेल, म्हणजे चिखल्या असतील, तर मास्क त्या बंद ओलाव्यात बुरशी वाढवेल. आधी चिखल्या बऱ्या करा. सोरायसिस किंवा इसब असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. कुरूप काढायला कॉर्न कॅप लावली असेल तर ती निघून तिथली त्वचा भरेपर्यंत मास्क नको.

आदल्या दिवशी

मास्कचं पाकीट एकदा फोडलं की वापरावंच लागतं, त्यामुळे त्यातलं सिरम आदल्या दिवशी लावून बघता येत नाही. म्हणून पाकीट फोडलं की आधी पावलाच्या वरच्या बाजूला दोन थेंब लावायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. लाल झालं नाही, खाजलं नाही, तर पुढे जायचं. ज्यांची त्वचा पटकन चिडते त्यांनी त्याच घटकांचं एखादं छोटं क्रीम आणून कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघावं. यादीतल्या एखाद्या घटकाचा त्रास होणार असेल तर तो बऱ्याचदा तिथेच कळतो.

लावायची रात्र

रात्रीचीच वेळ निवडा, आणि जेवणं, भांडी, दारं-खिडक्या सगळं उरकल्यावर बसा. मास्क लावून उठता येत नाही आणि काढल्यावर पाय निसरडे असतात. मी शनिवार ठरवला आहे, कारण रविवारी सकाळी गडबड नसते.

*पाय धुणं.* बादलीत कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे कोपर बुडवलं तर सुखद वाटेल असं. कढत पाणी त्वचेत उरलेलं थोडंफार तेलही काढून घेतं. साबण लावायचा तर सौम्य, आणि थोडासाच. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा पांढरट थर त्वचेवर राहतो, म्हणून आमच्यासारख्यांनी शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्यावा. पाच ते दहा मिनिटं पाय बुडवून ठेवा. बोटं सुरकुतेपर्यंत नको, त्यानं त्वचा नंतर उलट जास्त वाळते. त्या पाण्यात मीठ, लिंबू, खाण्याचा सोडा काहीही घालू नका. सोडा अल्कधर्मी असतो, त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी. लिंबाचा रस भेगेत गेला की काय होतं ते ज्यानं एकदा अनुभवलंय तो पुन्हा घालणार नाही.

*घासणं.* इथे बहुतेक जणी हात मोकळा सोडतात. आपल्याकडे पितळेची वजरी घरोघरी असायची, अभ्यंगस्नानाला तिचा खुळखुळ आवाज यायचा. ती असेल तर उत्तम, नाहीतर प्युमिस स्टोन. भिजलेल्या टाचेवर हलक्या हातानं, एकाच दिशेनं, प्रत्येक टाचेला मिनिटभर. टाच गुळगुळीत होईपर्यंत घासायचं नसतं, वरचा सैल झालेला भुसा निघाला की पुरे. त्वचेला सतत घर्षण झालं की ती स्वतःच्या बचावासाठी आणखी जाड होते. घट्टे असेच पडतात. जोर लावून घासणाऱ्याची टाच पंधरा दिवसांत पुन्हा दगडासारखी होते ती यामुळे. भेग उघडी असेल तिथे घासूच नका. ब्लेड, चाकू, बाजारात मिळणारी धातूची किसणी पायाला लावू नका. घरात ब्लेडनं टाच तासणारी एखादी आजी, काकू असतेच. तिच्या हातातून ते ब्लेड प्रेमानं काढून घ्या.

*पुसणं.* टॉवेलनं टिपून घ्या. बोटांच्या बेचक्यात टॉवेलचं टोक घालून पूर्ण कोरडं करा. तळवा किंचित ओलसर राहिला तर चालेल, उलट चांगलंच.

*बसायची तयारी.* पाय मास्कमध्ये घालण्याआधी शेजारी पाणी, चष्मा, मोबाइल, एक जुना टॉवेल आणि सैल सुती मोजे ठेवा. समोर पाय ठेवायला स्टूल किंवा उशी घ्या. एकदा मास्क चढवला की हे आणायला उठू नका. प्लास्टिकच्या ओल्या मोज्यांनी गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकणं म्हणजे घसरून कंबर मोडून घेणं. घरात वयस्कर माणूस मास्क लावणार असेल तर त्याच्याजवळ कुणीतरी बसा.

*मास्क चढवणं.* दोन पाउच जोडलेले असतील तर तुटक रेषेवर कातरीनं वेगळे करा. वरची कड कापताना उभं धरा, सिरम सांडतं. पाय आत घालून टाचेपर्यंत ओढा, बरोबर आलेल्या चिकटपट्टीनं घोट्यापाशी बंद करा, आणि बाहेरून हातानं दाबत सिरम टाचेच्या मागच्या बाजूला न्या, कारण बसल्यावर ते बोटांकडे साचतं. वरून ते सैल मोजे चढवले की मास्क त्वचेला चिकटून राहतो आणि थोडी ऊबही धरतो. माप तोकडं पडत असेल तर बोटं बाहेर राहिली तरी चालतील, टाच आत असू दे.

*वेळ.* पाकिटावर लिहिली असेल तेवढीच, साधारण पंधरा ते वीस मिनिटं. मास्क लावून झोपी जाऊ नका. जास्त वेळ ठेवला म्हणून जास्त फायदा होत नाही, कापड सुकायला लागलं की त्वचा उगाच ओढली जाते. थोडं गार, थोडं गुळगुळीत वाटणं ठीक. चुरचुरत राहिलं, जळजळलं, खाज सुटली तर वाट बघू नका, काढून साध्या पाण्यानं पाय धुवा.

*काढल्यावर.* पाय धुवायचे नाहीत. राहिलेलं सिरम दोन्ही हातांनी तळव्यात, टाचेच्या कडांवर, नखांभोवती जिरवा. आपल्याच पायांना असं निवांत हात लावायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही, त्यामुळे घाई करू नका. अंगठ्यानं टाचेपासून चवड्यापर्यंत दाबत गेलं की दिवसभर उभं राहिल्याचा शीण उतरतो. पाउचमध्ये उरलेलं सिरम कोपरांना आणि गुडघ्यांना लावा. उद्यासाठी ठेवू नका, आणि एकाचा मास्क दुसऱ्यानं वापरू नये. बोटांच्या बेचक्यातलं सिरम टॉवेलच्या टोकानं पुसून घ्या.

आता जी पायरी पाकिटावर बऱ्याचदा नसते, आणि माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. टाचेच्या कडांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि कोरडे सुती मोजे घालून झोपा. मास्कनं पाणी दिलं, पण तळव्याला स्वतःचं तेल नसल्यामुळे ते पाणी रात्रभरात उडून जातं. जेली स्वतः ओलावा देत नाही, ती झाकण घालते. दुधावर ताटली ठेवावी तशी. मोजे नायलॉनचे नकोत, घाम कोंडतो. सकाळी उठल्यावर मोजे काढून मगच चाला.

पुढच्या रात्री

दुसऱ्या दिवशी टाच बघून खूप आनंद होतो. भेगा तशाच असतात, पण त्यांच्या कडा मऊ पडलेल्या असतात आणि हाताला खरखर लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरखर परत यायला लागते. इथेच बहुतेक जण ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात.

सोडू नका. रोज रात्री पाय धुऊन, टिपून, त्वचा ओलसर असतानाच युरियाचं क्रीम लावा. मेडिकलमध्ये १० टक्के युरियाचं क्रीम मागितलं की मिळतं. उघड्या भेगेवर ते झोंबतं, तिथे नुसती जेली लावा. वरून मोजे. आठवड्यातून एकदा हलकं घासणं, आणि पंधरा दिवसांतून एकदा मास्क. मला वाटतं त्याहून जास्त मास्कची गरज नाही. कुणी दर आठवड्याला लावला तर अपाय होणार नाही, पण त्या पैशांत क्रीमची ट्यूब येते. तळव्याची नवीन त्वचा वर यायला महिनाभर तरी लागतो, म्हणून एक पूर्ण महिना हे केल्याशिवाय फरक पडला की नाही ते ठरवू नका. मी पहिल्या शनिवारी टाचांचा मोबाइलवर फोटो काढला होता, चौथ्या शनिवारी परत काढला. रोज बघताना जे जाणवलं नव्हतं ते त्या दोन फोटोंत स्पष्ट दिसलं.

मास्क मिळत नसेल तर

तालुक्याच्या गावी मास्क मिळेलच असं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावाचून काही अडत नाही. कोमट पाण्यात पाय भिजवा, टिपा, ग्लिसरीनचे दहा-बारा थेंब तेवढ्याच पाण्यात मिसळून तळव्याला लावा, वरून पेट्रोलियम जेली, आणि वरून सुती मोजे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, जेली झाकते. मास्क दुसरं काही वेगळं करत नाही, फक्त ते सोयीचं करून देतो. ग्लिसरीन मात्र पाण्याशिवाय लावू नका, नुसतं ग्लिसरीन चिकट होतं आणि कोरड्या हवेत त्वचेतलंच पाणी ओढून घेतं.

कोकणातल्या घरांत यासाठी मुठेल असतं, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बियांतून काढलेलं हे तेल साध्या हवेत घट्ट असतं, मुठीत वळलेल्या गोळ्याच्या रूपात मिळतं. किंचित गरम करून पातळ झालं की टाचेवर चोळायचं, थंड झालं की ते परत घट्ट होऊन भेगेवर बसतं. झाकण घालण्याचं काम ते फार छान करतं. माझी रत्नागिरीची मैत्रीण दर मे महिन्यात मला एक गोळा आणून देते आणि तो मला वर्षभर पुरतो. फक्त हातावर लावून बघा, उकळतं तेल किंवा वितळलेलं मेण थेट भेगेत ओतण्याची जी पद्धत आहे ती करू नका, भाजतं.

राळेचं मलम, शंभर वेळा धुतलेलं तूप, कैलास जीवन, हे सगळं घरोघरी वापरलं जातं आणि स्निग्ध थर देण्यापुरतं ते उपयोगी आहे. काशाच्या वाटीनं तूप लावून तळवे घासून घेतले की झोप छान लागते, तेही करा. या सगळ्यांच्या आधी पाय ओलसर असला पाहिजे, एवढं मात्र लक्षात ठेवा. वाळलेल्या टाचेवर नुसतं तूप चोपडलं तर ते वरच राहतं.

डॉक्टरांकडे कधी

महिनाभर नीट करूनही टाच तशीच असेल तर कोरडेपणाचं कारण वेगळं असू शकतं. संपूर्ण तळव्यावर पिठासारखा पांढरा भुसा पसरलेला असेल, रेषांमध्ये तो जास्त दिसत असेल, तर ती बुरशी असू शकते. कधी दोन्ही पाय आणि एकच हात असं तिचं दिसणं असतं. तिला मास्क, तूप, जेली काही लागू पडत नाही, औषधच लागतं. तळव्यावर लालसर, स्पष्ट कडांचे जाड चट्टे असतील तर सोरायसिस असू शकतो. सगळ्या अंगाचीच त्वचा कोरडी पडली आहे, थकवा आहे, वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, असं असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणि चालताना दुखणारी, रक्त येणारी खोल भेग घरच्या उपायांवर आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आदल्या रात्री क्रीम, तेल, मास्क काहीही लावू नका. बरेच जण लाजेपोटी पाय घासूनपुसून, जेली लावून जातात. बुरशीचा संशय असेल तर डॉक्टर तो वरचा भुसाच खरवडून तपासायला घेतात, आणि तोच आपण धुऊन टाकलेला असतो. नेहमीची चप्पल घालून जा, तीही त्यांना दाखवा.